ठाण्याला मागचे दार नसते: एका जुन्या पोलीस ठाण्याचे घर होताना

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी, जुन्या पेठेच्या तोंडाशी काळ्या दगडाची एक बैठी इमारत आहे. गावातले लोक तिला अजूनही ‘गेट’ म्हणतात. तिथे आधी पोलीस ठाणे होते. ठाणे हमरस्त्यालगतच्या नव्या इमारतीत गेल्यावर काही वर्षे दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याची छोटी चौकी, राहिले आणि शेवटी तेही हलले. या इमारतीचे राहते घर करण्याचे काम माझ्याकडे वास्तुरचनाकार म्हणून आले. गावाचे आणि कुटुंबाचे नाव येथे दिलेले नाही, आणि ज्यांवरून ओळख पटेल असे काही तपशील वगळले आहेत.

इमारत सरकारी नव्हती, आणि म्हणूनच हे प्रकरण घडू शकले. मालकांच्या पणजोबांनी आपल्या इनामाच्या जागेत ती मुद्दाम ठाण्यासाठी बांधली आणि सरकारला भाड्याने दिली. स्वातंत्र्य आले, इनामे गेली, पण भाडेकरू तोच राहिला आणि भाडेही जवळजवळ तेवढेच राहिले. अलीकडे त्या रकमेत वर्षाची शाकारणीसुद्धा होत नसे. ताबा मिळाला तेव्हा मालक असलेले सर माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले होते. सर, काकू आणि सरांच्या ऐंशी ओलांडलेल्या आई असे तिघे पेठेतल्याच दोन खोल्यांत राहत होते. मुलगा, सून आणि नात पुण्याला.

ताबा मिळाला असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात आवारात मुद्देमालाच्या सव्वीस मोटारसायकली आणि एक चाके गेलेला टेम्पो गंजत पडला होता. जप्त वाहनाची विल्हेवाट न्यायालयाच्या आदेशाशिवाय लावता येत नाही, त्यामुळे एकेक वाहन हलेपर्यंत एक उन्हाळा निघून गेला. जुन्या ठाण्याची जागा परत घेणाऱ्या कोणीही हा काळ आपल्या वेळापत्रकात आधीच धरावा.

इमारत केव्हाची, याबद्दल कुटुंबाची खात्री होती: १८६५. कारण कौलांवर तसा ठसा होता. मंगलोरी कौले पाहणाऱ्या अनेकांची येथे फसगत होते. बेसल मिशनच्या मंगळूरमधील कारखान्याच्या कौलांवर येणारे १८६५ हे त्या कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे, कौल भाजल्याचे नव्हे. तेच साल पुढची कित्येक दशके ठशात राहिले. कोठड्यांच्या छतातल्या लोखंडी तुळयांवर डॉर्मन लाँग या इंग्रज कंपनीचे नाव उठलेले होते, आणि ती कंपनीच १८७५ च्या सुमाराची. शिवाय अशा तुळया आणि मंगळूरची कौले एवढ्या आत येणे सुकर झाले ते १८९० च्या सुमारास पुणे–मिरज लोहमार्ग सुरू झाल्यावर. भाडेपट्ट्याचा सर्वांत जुना कागद विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला मिळाला, तेव्हा आम्ही इमारतीचा काळ तोच धरला. आजींना हे पटले नाही. घरात आजही १८६५ च सांगितले जाते.

इमारतीची रचना

दर्शनी लांबी ५८ फूट, खोली ३४ फूट. तीन फूट उंच जोते, त्यावर समोर आठ फुटी ओसरी, सागवानी खांब. मधोमध ठाणे अंमलदाराची मोठी खोली, डाव्या हाताला अधिकाऱ्याची खोली आणि दप्तरखाना, उजव्या हाताला शस्त्रांची खोली आणि दोन कोठड्या. भिंती दोन फूट जाडीच्या: बाहेरून घडीव काळा पाषाण, आतून ओबडधोबड दगड आणि दोन्हींच्या मध्ये चुना-मातीत भरलेली खांडकी, म्हणजे दगडांचे बारीक तुकडे. छपराला सागवानी कैच्या, म्हणजे भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आणि वर कौले. मात्र कोठड्यांवर कौले नव्हती. तिथे लोखंडी तुळयांच्या मध्ये विटांच्या उथळ कमानी टाकून पक्के छत केलेले होते. कौल सरकवून कोणी निसटू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

या रचनेकडे घर म्हणून पाहिले की तिची खरी गाठ लक्षात येते. देशावरचे जुने घर ओट्यापासून मागे जाते: ओटा, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, परडे. जितके आत जावे तितके ते घरातल्या माणसांचे होत जाते, आणि शेवटी परड्यात पुन्हा उजेड, तुळस, धुणे-भांडी आणि आकाश मिळते. ठाण्यातही माणूस ओसरीवरून आत जातो, पण मागे सरकावे तसे त्याचे अधिकार कमी होतात, आणि सर्वांत आत कोठडी असते. अंमलदाराच्या मेजावरून ओसरी, शस्त्रांच्या खोलीचे दार आणि दोन्ही कोठड्यांचे गज एकाच नजरेत येत होते. मेज कुठे असावे हे भिंतींनीच ठरवले होते. मागच्या ५८ फुटी भिंतीला एकही दार नव्हते. खिडकीसुद्धा नव्हती, फक्त दहा फुटांवर झरोके. बरोबरच आहे: ज्या जागेत माणसांना धरून ठेवायचे तिला येण्या-जाण्याची वाट एकच असली पाहिजे. घराला मात्र एका दारावर भागत नाही.

अडचण

पहिल्या पाहणीत आमचे लक्ष, सगळ्यांचे जाते तसे, पडझडीकडे गेले. उजव्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीत वरून खाली उतरलेली एक जुनी भेग होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पडली असे आजींनी सांगितले. साडेसहाच्या आसपास तीव्रतेच्या त्या धक्क्याने या भागात अशा कितीतरी भिंती उघडल्या होत्या, तेव्हा त्यांचे म्हणणे नाकारण्याचे कारण नव्हते. त्याच कोपऱ्यावर पुढे बिनतारी संदेशाचा मनोरा ठोकून बसवला होता, आणि वाऱ्यात हलून त्याने भेग रुंद केली होती. मागची भिंत मधल्या भागात जवळजवळ दोन इंच बाहेर आली होती. आमच्या गवंडीकाकांनी त्यावर हात फिरवून सांगितले, “भिंतीनं पोट काढलंय, साहेब. आतली खांडकी बसली.” निदान अचूक होते. दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे पदर बांधून ठेवणारे आरपार दगड फारच थोडे घातलेले होते, त्यामुळे मधली भर खाली बसत गेली आणि पदर एकमेकांपासून सुटले.

दुसरी अडचण ओलीची. कधीतरी दुरुस्ती म्हणून भिंतींना आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्यातली भिंत जमिनीतून ओढलेले पाणी पृष्ठभागावरून सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा थर चढला की ते पाणी आणखी वर चढते. येथे ओल सहा फुटांपर्यंत पोहोचली होती आणि कोठड्यांना दाट लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा क्षारांचा थर, लागला होता.

तिसरी अडचण वर सांगितलेल्या मागच्या भिंतीची. आणि चौथी माणसांची होती. आजींनी पहिल्याच दिवशी बजावले, “त्या खोलीकडे पाय करून मी झोपणार नाही, आणि डोकं करून तर नाहीच.” दुसरीकडे गावातली काही वयस्क मंडळी येऊन म्हणाली की ४२ च्या चळवळीत आमच्या वडिलांना, चुलत्यांना या कोठडीत ठेवले होते, तेव्हा निदान ती खोली तरी स्मारक म्हणून राखा. १९४२ च्या ऑगस्टनंतर सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, सप्टेंबरमध्ये वडूजला आणि त्या वेळी याच जिल्ह्यात असलेल्या इस्लामपूरला गोळीबार झाला, आणि पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा हाच मुलूख होता. त्यामुळे त्यांचे सांगणे अगदी संभवनीय होते, पण या इमारतीबद्दल त्याला दुजोरा देणारा एकही कागद आम्हाला मिळाला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

इमारत पाडून खाली गाळे व वर सदनिका काढण्याचा प्रस्ताव एका बांधकाम व्यावसायिकाने दिला होता आणि सरांच्या दोन भावांना तो पसंत होता. तो वेडगळ नव्हता. पेठेच्या तोंडाची जागा, पैसा रोख. इमारत पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत नसल्याने कायद्यानेही आडकाठी नव्हती. शेवटी सरांनी भावांचे हिस्से पैशात देऊन मिळकत आपल्या नावे करून घेतली, त्यासाठी शेतीचा एक तुकडा विकला. या निर्णयात माझा काही वाटा नाही, पण पुढचे प्रत्येक अंदाजपत्रक त्या विकलेल्या तुकड्याच्या सावलीत वाचले गेले, हे नोंदवले पाहिजे.

महाबळेश्वरकडे जाणाऱ्या पर्यटकांसाठी ‘कोठडीत मुक्काम’ अशी काहीतरी निवासव्यवस्था करावी, असे मुलाचे म्हणणे होते. मी त्याला विरोध केला, आणि तो केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता. ज्या गावात त्या कोठडीत एखादी रात्र काढलेली माणसे अजून हयात आहेत, तिथे तिची गंमत विकणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय पाहुण्यांसाठी प्रत्येक खोलीला स्वच्छतागृह द्यायचे तर जुन्या भिंतीत नळांचे जाळे शिरणार होते.

संपूर्ण इमारत नगरपालिकेला स्मारकासाठी द्यावी, हा पर्याय चर्चेत आला आणि गेला. देखभालीचा खर्च कोण करणार याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

उरला तो राहत्या घराचा पर्याय. मिळकत पत्रिकेवर नाव लागल्यानंतर २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीखाली वापरबदलाची परवानगी घेतली. विभाग निवासीच असल्याने त्यात अडचण आली नाही.

पहिला निर्णय: छप्पर

येथे आमचा अंदाज चुकला. खालून पाहता कैच्या धडधाकट दिसत होत्या, तेव्हा कुजलेले वासे आणि रिपा तेवढ्या बदलून कौले पुन्हा चढवायची असे दिवाळीनंतर ठरले आणि त्यावर अंदाजपत्रक बेतले. पौषात मागच्या बाजूची कौले उतरवली, तेव्हा भिंतीच्या माथ्यावरची सागवानी पाट, जिच्यावर सगळ्या कैच्या टेकतात, ती मागच्या अंगाने भुशासारखी झालेली निघाली. कैच्या नुसत्या वजनाने जागेवर बसलेल्या होत्या. कोयनेच्या परिसरात असे छप्पर पुन्हा तसेच ठेवणे मला मान्य होण्यासारखे नव्हते.

पूर्ण छप्पर उतरवायचे ठरले. खर्च सुमारे एक तृतीयांशाने वाढला, पण छप्पर उतरल्यामुळेच एरवी न होणारे एक काम करता आले: चारही भिंतींच्या माथ्यावर सहा इंच जाडीचा सलोह काँक्रीटचा सलग पट्टा ओतला, त्यावर नवी पाट बसवली आणि प्रत्येक कैची लोखंडी पट्टीने पट्ट्याला जखडली. चुन्याच्या इमारतीत काँक्रीट घालण्याला जतनकामातील काही सहकाऱ्यांचा आक्षेप असतो. मला तो ठाऊक आहे आणि भिंतींच्या अंगापुरता मान्यही आहे. परंतु धक्क्यात चार भिंती चार दिशांना जाऊ नयेत यासाठी माथ्यावर त्यांना कवटाळून धरणारे काहीतरी हवे, आणि तिथे चुन्याला पर्याय शोधावाच लागतो.

पोट सुटलेल्या भिंतीसाठी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर वापरलेली पद्धत घेतली. ठरावीक अंतरावर, म्हणजे उंचीत साधारण दोन फुटांवर आणि आडवे चार फुटांवर, एकेक दगड अलगद काढून आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरायचे. झाला नवा आरपार दगड. जिथे फुगवटा सर्वांत जास्त होता तो दहा फुटांचा भाग मात्र उतरवून पुन्हा रचला. दगडांवर खडूने आकडे घातले होते. एका वळवाच्या सरीने ते धुऊन गेले, आणि गवंडीकाकांनी मग आठवणीवर आणि छायाचित्रांवर ती भिंत रचली. आकडे तेलरंगाने घालायला हवे होते.

दुसरा निर्णय: मागचे दार

नकाशाच्या पहिल्या चार आवृत्त्यांत मी मागच्या भिंतीला हात लावला नव्हता. स्वयंपाकघर दप्तरखान्यात, उजेड छपरातल्या काचेच्या कौलांतून, धुणे-भांडी बाजूच्या बोळात, असे सारे बसवून पाहिले. कागदावर ते बसतही होते. काकूंनी नकाशा पाहून एकच विचारले, “वाळवण कुठे घालायचे? ओसरीवर, सगळ्या पेठेसमोर?” माझ्याकडे उत्तर नव्हते. इमारत जशी होती तशी राखण्याच्या आग्रहात मी तिचा पहारासुद्धा राखत होतो.

मागे दार पाडायचे ठरल्यावर प्रश्न जागेचा होता. कोपऱ्याजवळ दार पाडले तर भूकंपात भिंत तिथूनच फाटते, म्हणून दार भिंतीच्या मधल्या तिसऱ्या भागात, पुन्हा रचायच्या त्या दहा फुटांतच घेतले. दुबळी जागा तशीही उघडायची होतीच. संरचना अभियंत्यांनी एक चार फुटी दार आणि दोन लहान खिडक्या एवढीच मुभा दिली. सगळी उघडी रुंदी भिंतीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा बरीच कमी ठेवली. वरचा भार आडव्या लोखंडी तुळयांवर तोलून खालचे दगड थराथराने काढले, भिंतीच्या पूर्ण रुंदीची काँक्रीटची तुळई दोन्हीकडे एकेक फूट आत बसवली आणि बाहेरून तिच्यावर निघालेल्याच दगडांचा मुखवटा चढवला. हे दार नवे आहे हे कळावे म्हणून चौकटीचे दगड घडीव न ठेवता साधे टाकीचे ठेवले. शंभर वर्षांनी कोणी पाहिले तर फसू नये.

दार उघडले त्या दिवशी अंमलदाराच्या खोलीत पहिल्यांदाच वारा समोरून मागे गेला. ती खोली आता माजघर आहे, दप्तरखान्यात स्वयंपाकघर आहे, अधिकाऱ्याच्या खोलीत आजी झोपतात, शस्त्रांची खोली सर-काकूंची झाली आहे. न्हाणीघर व संडास जुन्या भिंतींपासून हातभर सुटे ठेवून परड्यात नव्याने बांधले, जेणेकरून पाण्याचा एकही नळ दगडी भिंतीतून गेला नाही.

समोरच्या ओसरीबद्दल घरच्यांशी माझा थोडा वाद झाला. पेठेतल्या सर्व घरांप्रमाणे तिला पूर्ण उंचीची लोखंडी जाळी हवी होती. ठाण्याने शंभर वर्षांत जेवढे गज वापरले त्याहून अधिक गज घराला लागत होते! अखेर ओसरी उघडी राहिली आणि आतल्या दाराला दुसरे भक्कम दार आले.

तिसरा निर्णय: कोठड्या

कोठड्यांबाबत कुटुंबात तीन मते होती: आजींना त्या बुजवायच्या होत्या, मुलाला गजांसह जशाच्या तशा ठेवायच्या होत्या, आणि सरांना त्यांचे काय करावे हे कळत नव्हते. मला सरांचे मत सर्वांत प्रामाणिक वाटले.

एक गोष्ट आजींना समजावून सांगण्याचा उपयोग झाला. ठाण्याची कोठडी म्हणजे तुरुंग नव्हे. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याचे बंधन संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे, आणि १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ते होते. तेथे शिक्षा भोगण्यासाठी कोणी ठेवलेला नसे. खोलीची मापे, झरोका, स्वच्छतेच्या सोयीचा अभाव, सारे एखाद-दोन रात्रींच्या हिशेबाने होते. नियम नेहमी पाळला गेला असेल असे मी म्हटले नाही आणि आजींनीही तसे मानले नाही. त्यांनी वास्तुशांती करून घेतली, आणि धाकटी कोठडी धान्याची खोली करायला होकार दिला. “धान्य कुठंही पवित्रच,” एवढे म्हणून त्या विषयावर पडदा पडला.

थोरली कोठडी वाचनाची खोली करायचे ठरले, आणि तिथे खरी कसोटी लागली. भिंतीवरचे रंगाचे थर खरवडताना, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, जुन्या चुन्याच्या गिलाव्यात ओरखडे दिसू लागले. काही नुसत्या उभ्या रेघा होत्या. दोन ओळी मोडीत होत्या. जाणकाराला दाखवल्या तेव्हा त्यांतला एका देवाच्या नावाचा भाग तेवढा लागला. आणि एक बालबोध अक्षरांत, स्पष्ट, आडनाव आणि गावासह नाव होते.

स्मारकाची मागणी करणाऱ्यांना वाटले, पुरावा सापडला. पण नावापुढे ना तारीख होती ना कारण. तो माणूस चळवळीतला होता, की बांधावरून मारामारी केलेला, की केवळ संशयावरून आणलेला, हे भिंत सांगत नव्हती. आणि त्या आडनावाचे, त्या गावचे लोक आठवडी बाजाराला याच पेठेत येतात. ते नाव काचेमागे ठेवून पाहुण्यांना दाखवणे म्हणजे कोणाच्या तरी आज्याला गुन्हेगार किंवा क्रांतिकारक ठरवणे, आणि दोन्हींचा अधिकार आम्हाला नव्हता. सरांनी त्या घराशी परस्पर संपर्क साधावा का, यावरही दोन संध्याकाळी चर्चा झाली. शेवटी तो साधला नाही.

ठरले ते असे: सर्व ओरखड्यांची तिरप्या उजेडात छायाचित्रे घेतली, ती कुटुंबाकडे आहेत. नाव असलेल्या भागावर पातळ कापड लावून चुन्याचा हात दिला, म्हणजे पुढे कोणाला तो थर काढायचा झाल्यास खालचे अक्षर शाबूत मिळेल. रेघा आणि मोडी ओळी उघड्या ठेवल्या. त्यांवर काच लावली नाही, कारण काचेमागे ओल कोंडते. स्मारकाची मागणी करणाऱ्यांना सरांनी तोंडी शब्द दिला की दर ९ ऑगस्टला ओसरी सर्वांसाठी मोकळी राहील.

गजांचे दार मात्र मी ठेवायला लावले. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

चुना आणि लोणा

सिमेंटचा गिलावा काढून भिंती मोकळ्या ठेवल्या, गिलाव्यासाठी कळीचा चुना आवारातच विरवला. चुना मळण्याची घाणी चालवणारे आता कोणी उरले नाही, म्हणून मोटारीवर चालणारे चाक भाड्याने आणले. वाळू, सुरखी (विटांची पूड), गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा. हिरडा जावळीकडून आला, त्या डोंगरात तो मुबलक आहे. आमच्या तरुण मजुरांना ही सगळी सामग्री आधी आजीबाईच्या बटव्यासारखी वाटली. आठ दिवसांनी गिलाव्यावर नख उमटेना तेव्हा त्यांचे मत बदलले.

मृगाच्या आत कौले चढवायची होती, आणि ती चढली. पण छपराच्या निर्णयात गेलेले सहा आठवडे आम्ही गिलाव्याच्या वेळेतून कापले. ओल्या भिंती निदान एक पावसाळा उघड्या राहायला हव्या होत्या. त्या जेमतेम दहा आठवडे राहिल्या. बाकी खोल्यांत हे खपले. थोरल्या कोठडीत खपले नाही. तिथली फरशी वर्षानुवर्षे बादलीने धुतली गेली होती, आणि धुण्याआधी तिच्यावर काय सांडत असे हे सांगायला नको. त्या सगळ्यातले क्षार भिंतीच्या तळात मुरले होते. पहिल्याच हिवाळ्यात भिंत वाळू लागली, क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक बनले आणि नवा गिलावा तीन फुटांपर्यंत पापडासारखा सुटला.

परिणाम

कुटुंब राहायला येऊन आता तीन पावसाळे झाले. छप्पर गळत नाही. मागच्या भिंतीवर बसवलेल्या काचपट्ट्यांपैकी एकही तडकलेली नाही, म्हणजे फुगवटा पुढे सरकलेला नाही. कोठड्यांवरच्या लोखंडी तुळया गंज खरवडून मोजल्या तेव्हा जाडी पुरेशी निघाली. त्यांना आडव्या सळयांनी एकमेकींशी बांधून त्यांवरच्या कमानी तशाच ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात माजघरात दुपारी पंखा पुरतो.

पहिले वर्षभर रात्री-अपरात्री लोक दार वाजवत. कोणाची म्हैस गेलेली, कोणाच्या घरात भांडण, एकदा अपघातातला रक्ताळलेला मुलगा. ठाणे हलल्याचे वाड्या-वस्त्यांवर कळलेले नव्हते. आजी त्यांना ओसरीवर बसवून पाणी देत आणि सर नव्या ठाण्याचा दूरध्वनी लावून देत. नंतर एक पाटी लावली, तरी ओसरीवर बाक ठेवलेलाच आहे.

माणसे प्रत्यक्षात राहतात ती मागच्या बाजूला. चार नकाशांत नसलेले ते दार दिवसभर उघडे असते. वाळवण, भांडी, नातीचा झोपाळा, सारे परड्यात. पुढचे दार पाहुण्यांसाठी उघडते. वाचनाच्या खोलीत, तिच्यावर इतका विचार होऊनही, फारसे कोणी बसत नाही.

वेगळे काय करता आले असते

पाहणीच्या वेळीच चार ठिकाणी कौले उतरवून पाटेत टोच्या मारून पाहायला हवा होता. एका दिवसाचे काम होते. ते न केल्याने अंदाजपत्रक चुकले, वेळ गेला आणि त्या वेळेची भरपाई आम्ही गिलाव्याकडून करून घेतली.

कोठडीला गिलावा करण्याआधी क्षार ओढून घ्यायला हवे होते. आता ते मागाहून चालू आहे: दर फाल्गुनात कागदाच्या लगद्याचा ओला लेप भिंतीला थापायचा, तो वाळला की क्षारांसकट सोलून काढायचा. पहिल्या वर्षी लेप पांढराफटक निघाला, यंदा कमी.

आणि गजांचे दार. ते स्मृती म्हणून ठेवावे हा आग्रह माझा होता, आणि त्याची कडी कोणत्या बाजूला आहे याचा विचार मी केला नाही. कोठडीची कडी बाहेरूनच लागते. आतल्या माणसाचा हात तिच्यापर्यंत पोहोचू नये अशीच ती बसवलेली असते. दुसऱ्या मे महिन्याच्या सुट्टीत नातीच्या खेळगड्यांनी चोर-पोलीस खेळताना तिला आत घातले, कडी सरकवली आणि ती जाम झाली. घरात आजी एकट्या होत्या. पेठेतल्या लोहाराने येऊन कडी कापेपर्यंत पाऊण तास गेला. मुलीला काही झाले नाही, ती आत बसून गोष्टीचे पुस्तक वाचत होती असे सर हसून सांगतात. आजी मात्र ते सांगताना हसत नाहीत. कडी, कोयंडा आणि कुलपाची पट्टी तिन्ही मी त्याच आठवड्यात काढून घेतली. गजांचे दार आता भिंतीला टेकवून, पितळी आकड्याने उघडेच अडकवलेले असते.